रसात उतरलेला जोर

आमच्याकडे आता कापणीचा वास एकाच बाजूनं येतो. बाकी तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. कशेळीकडून येणाऱ्या रस्त्याला दिवसभर कंटेनर उभे, त्यांचा धूर, नव्या पुठ्ठ्यांचा वास, हमालांच्या चहाच्या टपऱ्या. घरामागं मात्र दोन गोदामांच्या भिंतींमध्ये एक खाचर राहिलंय. पोरं म्हणतात, तिथं गाडी जायला रस्ता नाही म्हणून राहिलंय. कशानं का असेना, राहिलंय. दसरा सरला की ते पिवळं पडतं, आणि खाडीवरून वारा आला की कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास तिसऱ्या मजल्यावर माझ्या गॅलरीपर्यंत चढतो. यंदाही चढला. मी उभी राहून तो घेतला. उभी राहून, हे मुद्दाम सांगते. माझ्या वयाच्या आमच्या गावातल्या बायका उभ्या राहत नाहीत. त्या कुठंतरी टेकतात.

मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. किती ओलांडली ते नक्की माहीत नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख अंदाजानं लिहिली होती. चौथीपर्यंत शिकले. तीन जिने चढते आणि वर आल्यावर बोलू शकते. लोणच्याच्या बरणीचं झाकण सुनांना उघडत नाही, ते माझ्याकडे आणतात. गावात माझं कौतुक आहे. या कौतुकाचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी समाजमंदिरात म्हाताऱ्या बायकांसाठी शिबिर झालं. व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली होती, पंचविशीची, केस वर बांधलेली. तिनं समोर एक खुर्ची ठेवली.

"आजी लोक, हात छातीवर घ्यायचे. खुर्चीवरून उठायचं, परत बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते बघू."

"पोरी, आमी डोक्यावर भारं वाहिलं. आमाला तू खुर्चीवरशी उठाला शिकवतेस?" शेजारची देवकी म्हणाली आणि ऐटीत जाऊन बसली. उठायला गेली तर चार बोटं वर आली आणि थप्पकन खाली.

"देवके, भारा अजून मागं बांधलेला हाय का?" कुणीतरी ओरडलं. हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. पण एकेक जण खुर्चीवर बसायला लागली तसं हसू कमी होत गेलं. ज्या बायकांनी ओल्या भाताचे भारे वाहिले, पोटुशी असताना चिखलात लावणी केली, त्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठू शकत नव्हत्या.

मी तेरा वेळा उठले.

मग बारकी बसली. बारकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. नाव यमुना. घरात धाकटी म्हणून बारकी, आणि सत्तरीतही बारकीच. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण पाठीला बाक आलेला, गळ्याखाली खड्डे. ती एकदाही उठली नाही. तिनं माझ्याकडे हात केला, "बाय, जरा वढ ना." मी ओढली.

ती मुलगी मला म्हणाली, "आजी, तुम्ही कमाल आहात. तरुणपणी काय खाल्लंत हो तुम्ही?"

मी म्हटलं, "भाकर आणि कष्ट."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बारकीनंही वाजवल्या.

ते खोटं होतं. भाकर आणि कष्ट बारकीनं खाल्ले होते.

*

एक कापणी माझ्या डोक्यातून जात नाही. लोक म्हणतात, अमुक गोष्ट काल घडल्यासारखी वाटते. मला ती कालची वाटत नाही. पन्नास वर्षं झाली आणि पन्नास वर्षं झाल्यासारखीच वाटतात. गेली मात्र नाही.

तेव्हा गोदामं नव्हती. खाडीपर्यंत भातच भात. आश्विनातलं ऊन पाठीवर तव्यासारखं बसायचं. पहाटेच्या दवानं भात ओला असायचा, विळ्याला करकर आवाज यायचा, ऊन चढलं की तोच आवाज कोरडा व्हायचा. कापणाऱ्या बाईला घड्याळ लागत नव्हतं. बोटांना भाताच्या पात्यांनी बारीक चिरा पडायच्या आणि जेवताना त्यात मीठ झोंबायचं. पाऊस गेल्यामुळं खाडीचं पाणी निवळलेलं असायचं, आणि आमचे पुरुष पहाटे पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून मासे आणायचे. बोईट, कोलंबी, अमावास्येच्या आसपास भरलेल्या चिंबोऱ्या. भिवंडी शहरातून यंत्रमागांची खडखड वाऱ्याबरोबर यायची, नाही यायची. कापणीच्या दिवसांत आम्ही चांगलं खायचो असं माझी मुलं आजही सांगतात. बरोबर आहे. मुलांनी चांगलंच खाल्लं.

घरात दोन सुना होतो. थोरली म्हणून चूल माझ्याकडे. धाकटी म्हणून बाहेरचं काम बारकीकडे: म्हशी, शेण, तळ्यावरची भांडी, शेत. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. आधी आली ती आत, मागून आली ती बाहेर.

कालवण वाढायला तेव्हा करवंटीची डवली असायची, बांबूचा दांडा लावलेली. सासूनं मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ती धरायला शिकवली. पुरुषांना वाढताना डवली टोपाच्या तळाशी न्यायची आणि सरळ वर आणायची, म्हणजे माशाची तुकडी येते. बायकांना वाढताना वरच्या वर बुडवायची. चुकून तुकडी आलीच तर मनगट जरासं आत वळवायचं. तुकडी घसरून परत टोपात जाते, डवलीत रस राहतो. आवाज होत नाही. समोर बसलेलीला वाटतं, तिच्या नशिबात आली नाही.

मी यात फार हुशार निघाले. सासू शेजारणींना सांगायची, "आमच्या थोरलीचा हात बघा. पाच तुकड्यांन घर जेवतं."

आणि कुणी बाई कधी टोपात डोकावली तर सासूचं ठरलेलं वाक्य होतं. "तुकडीन काय हाय गो? काटं. सगला जोर रसान उतरतं."

मी हे कधीच खरं मानलं नाही. जोर रसात असता तर रस पुरुषांना वाढला असता. पण मी बोलले नाही. सासू स्वतःही रसच खायची, म्हणून तिचा राग करायलाही जागा नव्हती. मरताना तिच्या अंगावर कातडी होती आणि हाडं होती, मधलं काही उरलं नव्हतं. तिचा त्या वाक्यावर मनापासून विश्वास होता, ते मी पाहिलं आहे. ताटलीत शेवटचा रस बोटानं पुसून चाटायची आणि म्हणायची, "हा बघ, जोर."

आता माझं सांगते. चूल माझ्याकडे होती. चूल ज्या बाईकडे असते ती उपाशी राहत नाही. मी मीठ बघायला म्हणून टोपात हात घालायचे. मीठ बघायला रस पुरतो. मी तुकडी खायचे. उभ्यानंच, भिंतीकडं तोंड करून, गरम, जीभ भाजेपर्यंत. काटे चुलीत टाकायचे. चूल काही सांगत नाही. रोज एक. माशाची नाही तर कोलंबी, कोंबडीनं अंडं दिलं की कधी ते निखाऱ्यात भाजून. किती वर्षं? सासू गेली आणि घरं वेगळी झाली तोपर्यंत. वीसेक वर्षं तरी.

मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, पोटात आग पडते, काय करू. खरंच पडायची. बारकीच्याही पडत असेल. तिच्याकडे चूल नव्हती.

*

त्या कापणीला बारकीची मुलगी सहा महिन्यांची होती, अंगावर पीत होती. बांधावर आंब्याखाली झोळी बांधलेली. बारकी भारे वाहत होती. सकाळची न्याहारी घेऊन मी शेतावर गेले तेव्हा ती बांधावरून खळ्याकडे येत होती, डोक्यावर भारा, तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय. त्या पायांकडे बघत मी उभी होते. ते थांबले.

ती पडली नाही. पडली असती तर चार माणसं धावली असती. ती बसली. भाऱ्यासकट, हळूच, बांधावर कोंबडी बसावी तशी.

सासरे लांबून ओरडले, "ए, भारा टेकवू नको. दाणं झरतील."

मी गेले. भारा उतरवला. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"अंधारी आली बाय," ती म्हणाली. "जरा वढ ना."

मी हात धरून ओढली. तिचा हात इतका हलका होता, की मी जोर लावला होता तेवढा लागलाच नाही, आणि ती माझ्या अंगावर आली. दोघी हसलो. तिनं भारा परत डोक्यावर घेतला. तो उचलून द्यायला मीच मदत केली.

घरी येताना मी ठरवलं, आज हिला तुकडी द्यायची. कालवण बोइटाचं होतं. त्या कापणीला सासूचे दोन भाऊ मदतीला आलेले, म्हणजे पुरुष पाच. दुपारी सगळे घरी जेवायला आले. मी पुरुषांना वाढलं, मुलांना वाढलं, आणि डोक्याकडची एक चांगली तुकडी टोपाच्या कडेला दाबून ठेवली, वर आमसुलं ओढली. सासू जेवून ओसरीवर आडवी झाली. बारकी पुरुषांची ताटं घेऊन तळ्यावर गेली होती. मी वाट बघत बसले.

तिला यायला उशीर झाला. ताटं होती, मुलीचे कपडे होते. ऊन खिडकीतून चुलीपर्यंत आलं. मी त्या दिवशी सकाळची माझी तुकडी खाल्ली नव्हती, शेतावर जायच्या गडबडीत राहून गेली होती. मी टोपाचं झाकण काढलं. परत ठेवलं. परत काढलं.

मी ती खाल्ली.

यात सांगण्यासारखं काही नाही. कुणी बघत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, सासू झोपली होती. ती माझ्या हातानं बाजूला ठेवलेली तुकडी होती, माझ्याच ठरवण्यानं, आणि मी खाल्ली. चवीची आठवण आहे. चांगली होती.

बारकी आली, ओले हात लुगड्याला पुसले, पाट ओढून बसली. मी भात वाढला, वर रस ओतला. म्हटलं, "आज रस दाट झालाय."

"व्हय," ती म्हणाली. "चांगला झालाय बाय." आणि दोनदा मागून घेतला.

*

पुढं पुष्कळ वर्षांनी, दोघींची पन्नाशी उलटली तेव्हा, बारकीचे गुडघे धरायला लागले. कुणी सांगितलं, अकलोलीच्या गरम कुंडात बसवा. थंडीत आम्ही दोघी गेलो. पाण्याला गंधकाचा वास, वाफ, कडेला बायका लुगडी खोचून बसलेल्या. आम्हीही पाय सोडून बसलो. पाणी स्वच्छ होतं. माझ्या पिंढऱ्या शेजारी तिच्या पिंढऱ्या. माझ्या भरलेल्या, तिच्या विळ्याच्या मुठीएवढ्या. एकाच घरात, एकाच टोपातून जेवलेल्या दोन बायका.

"तुझा बांधाच मजबूत बाय," ती म्हणाली. "माझ्या आयशीचं पण असंच बारीक होतं."

मी म्हटलं, "असंल."

पाणी फार गरम होतं. मी पाय काढून घेतले. तिनं दिवसभर ठेवले. बरं वाटतंय म्हणाली. तीन दिवस बरं वाटलं.

*

गेल्या वर्षी श्रावणात बारकी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळी घातली. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं, हाड जुळेल, पण बाई उठली पाहिजे. पडून राहिली तर पाठ सडेल, छाती भरेल. उठवणारी म्हणून घरी आली ती शिबिरातलीच मुलगी.

तिनं आम्हाला बसवून समजावलं. वय झालं की अंगातलं मांस आपोआप झिजतं. म्हातारं माणूस कमी खातं, भात आणि चहावर राहतं, त्यानं आणखी झिजतं. मांस गेलं की हाडाला धरून ठेवणारं कुणी राहत नाही, मग माणूस पडतं. "अंडं, मासे, डाळ, चणे, दूध. रोज. आणि रोज खुर्चीवरून उठबस. दोन्ही पाहिजे. नुसतं खाऊन होत नाही, नुसतं उठून होत नाही."

"आता दात गेल्यावर मासं खाऊ?" बारकी म्हणाली.

"काटे काढून देतो ना आजी. कुस्करून."

"आणि आधी नाही खाल्लं, त्याचं काय?" मी विचारलं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "तरुणपणी साठवलेलं असलं तर म्हातारपणी कामाला येतं," ती म्हणाली. "पण आतासुद्धा सुरू केलं तर फरक पडतो. खरंच पडतो."

मी ते शेवटचं वाक्य धरलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर बारकीच्या घरी डबा घेऊन उतरायला लागले. बारकीची सून संगीता चांगली आहे, तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण ती म्हणायची, "काकी, आई खातच नाहीत. सवयच नाही त्यांना. रस-भात द्या, मुकाट खातात."

खरं होतं. मी काटे काढून तुकडी कुस्करून द्यायचे, बारकी ती ताटाच्या कडेला ढकलायची. "संगीताला ठेव." "पोरं जेवली?" एकदा तर म्हणाली, "पुरुषमाणसं जेवली का?" तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, माझा त्याच्याही आधी गेला. मी म्हटलं, "जेवली सगली. आता आपलीच पाळी हाय. खा." मग ती खायची, इकडं तिकडं बघत, चोरून खाल्ल्यासारखं. चोरून खाणारी मी, आणि तसं तोंड तिचं.

सासूनं शिकवलेलं तिच्यात सासूपेक्षा खोल गेलं होतं. घशाखाली तुकडी उतरायची नाही. मी तासभर बसायचे. शिव्या द्यायचे. "गिळ, न्हायतर मेलीस." ती हसायची. "तुझं लाड पण मारक्या म्हशीसारखं बाय."

भाद्रपदात ती वॉकर धरून उभी राहिली. नवरात्रात खुर्चीवरून एकदा उठली, हात टेकून. मग हात न टेकता एकदा. मग दोनदा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर आकडे लिहायचे. तिचे दंड हाताला लागायला लागले. मला वाटायला लागलं की होईल.

मागच्या खाचरातलं भात पिवळं पडलं होतं. वास तिच्या खोलीत यायचा. "बाय, एकदा बांधावर ने ना," ती म्हणाली. "कापणी बघन."

मी म्हटलं, "दहा वेला उठ. मग नेते."

"दहा जास्त होतान."

"दहा."

मला वाटलं, ओढ लावली तर उठेल. उठलीही. चार झालं, पाच झालं. बांध घरापासून शंभर पावलांवर आहे. खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेली असती तरी झालं असतं. मी म्हटलं दहा.

त्याच दिवसांत एका दुपारी ती मऊ भातात तुकडी कालवून नीट जेवत होती, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं, आणि मला बघवेना. मी म्हटलं, "बारके, तुझी पोर झोळीत होती, तू बांधावर बसली होतीस भारा घेऊन. त्या दिवशी तुझ्यासाठी तुकडी ठेवली होती. ती मी खाल्ली. त्या दिवशीच न्हाय. रोज खायची मी, चुलीपाशी."

ती चावत राहिली. तिला चावायला वेळ लागायचा. मग तिनं घास गिळला, पाणी प्याली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "दोघी पण उपाशी राहिलो असतो तर आता मला कुनी वढलं असतं?"

आणि हसली. तो टोमणा असता तर मला सोपं झालं असतं. मी तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. टोमणा नव्हता.

सातपर्यंत पोचली ती. सात झालं त्या दिवशी मी कॅलेंडरावर आकडा मोठा लिहिला. दोन दिवसांनी सर्दी झाली, मग ताप, मग छाती भरली. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, अंगात लढायला काही नाही. मला सांगायचं होतं की आहे, दोन महिन्यांचं आहे. पण पन्नास वर्षांपुढं दोन महिने किती होणार.

ती दवाखान्यात असतानाच भात कापून झालं.

*

सुतक फिटलं तेव्हा तिखटाचं, म्हणजे मासळीचं, जेवण केलं. गेलेल्या माणसाचं पान आधी वाढतात. केळीचं पान मांडलं, भात, भाकरी, तिला आवडायचं ते वालाचं बिरडं. संगीतानं कालवणाच्या टोपातून नुसता रस वाढला.

मी म्हटलं, "तुकडी वाढ."

"काकी, आईंना रसच आवडायचा," संगीता म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. "आम्ही कितीदा द्यायचो, त्या म्हणायच्या, मला रस दे. लहानपणापासून रसच आवडायचा त्यांना."

बसलेल्या सगळ्या बायकांनी मान हलवली. व्हय, बारकीला रस फार आवडायचा. देवकी म्हणाली, "रसावर जगली ती."

मी संगीताच्या हातातून पळी घेतली. स्टीलची, खोलगट. टोपाच्या तळाशी नेली, मोठी तुकडी घेतली, पानाकडे न्यायला वर आणली. आणि माझं मनगट वळलं. मी वळवलं नाही. ते आपलं आपण वळलं, जसं हजारदा वळलं होतं. तुकडी घसरून टोपात गेली. पानावर रस पडला.

कुणाला काही दिसलं नाही. आवाज झाला नाही.

मी पळी खाली ठेवली आणि टोपात हात घातला. कालवण गरम होतं. बोटांनी तुकडी काढून पानावर ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. संगीता "अहो काकी, हात!" म्हणाली. हाताला काय होतंय. माझ्या हाताला आजवर काय झालंय.

*

यंदा परत वास आला. खाचर कापायला शहापूरकडच्या चार बायका आल्यात, आमच्या घरात आता कापणारं कुणी नाही. मी बांधावर जाऊन बसले. विळ्याचा आवाज तोच आहे, ओला, मग कोरडा, फक्त मागं ट्रक रिव्हर्स घेत असतो. त्यांच्यात एक पोर आहे, विशीची, सावित्री नाव. कमरेला कापड घट्ट आवळलेलं, गालफडं बसलेली. पोटुशी आहे का विचारलं तर लाजली.

दुपारी त्यांनी डबे उघडले. कोरडा भात, मिरची. सावित्रीनं भातावर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच बोईट आणवले. टोप स्वतः उचलून तीन जिने उतरले. नातसून म्हणाली, "आजी, मी घेते ना." मी दिला नाही. पळी नेलीच नाही. बायकांना बांधावर ओळीनं बसवलं आणि हातानं वाढलं, प्रत्येकीला दोन तुकड्या, रस नंतर.

सावित्रीनं एक तुकडी खाल्ली. दुसरी हळूच डब्याच्या झाकणात ठेवली, वर भात ओढला. मला ते वर भात ओढणं ओळखीचं होतं.

"ती कुणाला?"

"मालकाला. ते पलीकडं गोदामावर हमाली करतात. दमून येतात."

"काढ ती."

"असू द्या आजी. मला रस पुरतो. रस चांगला झालाय."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं. बाकीच्या बायका खाली बघून हसू दाबत होत्या. म्हातारी खुळी आहे, त्यांना वाटलं असेल.

"खा," मी म्हटलं. "माझ्यासमोर खा."

तिनं झाकणातली तुकडी काढली. इकडं तिकडं बघितलं. तोंडात घातली. आणि चावायचं थांबली, गाल फुगलेला, मी जायची वाट बघत.

मी गेले नाही. माझे पाय मजबूत आहेत. मी कितीही वेळ उभी राहू शकते.